शेवटच्या सामन्याला मी नव्हतो

आमच्या फुटबॉल क्लबचा जुना स्टॉपर गेल्या हिवाळ्यात हृदयविकाराने गेला. मैदानालगतच्या क्लबच्या खोलीत दुपारी शोकसभा होती. बचावपटूच्या वाट्याला येते तेवढीच गर्दी: पंधरा-वीस केस पिकलेले प्रेक्षक, टेबलावर त्याचा फोटो आणि घडी घातलेली जर्सी. मी तिथे एक कबुली द्यायला गेलो होतो.

तो कोल्हापूरचा. खेळाडूंच्या कोट्यातून त्याला दिल्लीत सरकारी नोकरी मिळाली आणि तो आमच्या क्लबकडून खेळू लागला. मी तेव्हा आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहत असे. शनिवारी दुपारी बसने मैदानावर जायचे आणि डाव्या बाजूच्या पायऱ्यांवर बसायचे, हा माझा नेम होता. चेंडू घेऊन वळताना तो नेहमी उजवीकडेच पाही. डावीकडून कोणी धावून आले की मी ओरडे, "डावीकडे बघ रे!" तो मान वळवी, चेंडू लांब मारी आणि माझ्या दिशेने हात किंचित उचली. आमची ओळख एवढीच. पण त्या उचललेल्या हातावर माझा आठवडा निघे.

एका उपांत्य सामन्यात अगदी साधा चेंडू त्याच्या पायाखालून निसटला आणि गोल झाला. थोड्या वेळाने थ्रोसाठी तो आमच्या समोरच आला. पायऱ्यांवरून शिव्यांचा भडिमार चालू होता. हिंदीतल्या शिव्यांची त्याला सवय झाली होती; त्या त्याच्या अंगावरून निघून जात. हे मला ठाऊक होते, आणि म्हणूनच मी मराठीत बोललो. आवाजही चढवला नाही.

"कोल्हापूरला परत जा. इथे तुझी कुणाला गरज नाही."

दिल्लीत राहणाऱ्या आम्हा मराठी माणसांना एक खोड असते. बसमध्ये, दुकानात, समोरच्याच्या देखत आम्ही त्याच्याविषयी मराठीत बोलतो. त्याला कळत नाही, म्हणून आपण सभ्यच राहतो. मी त्या दिवशी केले ते याच्या उलट होते. शेजारच्या कुणाला कळू नये आणि त्याला एकट्याला मात्र कळावे, असे ते वाक्य मी निवडून काढले होते.

तो चेंडू हातात धरून थांबला. पायऱ्यांवर नजर फिरवून त्याने मला शोधले. त्या नजरेत राग नव्हता. असता, तर कदाचित मी पुढच्या शनिवारी गेलो असतो.

पुढच्या शनिवारी मी खाली स्कूटर पुसत बसलो.

"आज सामना नाही?" पत्नीने गॅलरीतून विचारले.

"आहे. पण स्कूटर फार मळलीय."

"कालच तर धुतलीत."

मी पुसत राहिलो. त्यानंतर मैदानावर गेलो नाही. त्याने खेळ सोडल्याचे पुढे कानावर आले, तेव्हाही कुणाला काही विचारले नाही.

एकदा संक्रांतीला मराठी मंडळींच्या बसने आम्ही पानिपतला गेलो होतो. काला अंबच्या स्मारकासमोर तो उभा होता. मुलगी खांद्यावर, शेजारी पत्नी. जेमतेम वीस पावलांचे अंतर. मी थंडीचे निमित्त काढून बसमध्ये जाऊन बसलो आणि खिडकीचा पडदा ओढून घेतला. क्षमा मागायला मला संधी मिळाली नाही, असे म्हणायची सोय मी स्वतःच काढून टाकली ती तिथे.

शोकसभेत आठवणी हिंदीत चालल्या होत्या.

"दीवार था, यार," एक निवृत्त कंडक्टर म्हणाले.

"दीवार? हेडर मारते वक्त आंखें बंद कर लेता था," दुसऱ्यांनी टोकले.

"कर लेता था. गेंद फिर भी तेरे मोहल्ले तक जाती थी."

सगळे हसले. त्याची पत्नीही थोडेसे हसली. माझी पाळी आली तेव्हा मी त्याच्या चिकाटीविषयी दोन नीटनेटकी वाक्ये बोललो आणि खाली बसलो. सभा संपल्यावर मात्र त्याच्या पत्नीसमोर जाऊन उभा राहिलो.

"वहिनी, मला तुम्हाला काही सांगायचंय."

मराठी ऐकताच त्यांनी वर पाहिले. "तुम्ही ते डावीकडचे का?"

"हो. मी त्यांना एकदा फार वाईट बोललो होतो."

"माहीत आहे. घरी येऊन सांगितलं होतं त्यांनी. रागावले नव्हते. म्हणाले, परका असता तर हिंदीत बोलला असता. पुढच्या शनिवारी त्यांना चहाला घेऊन येतो, तू पोहे कर." त्यांनी टेबलावरच्या फोटोकडे पाहिले. "त्या शनिवारचा सामना शेवटचा होता त्यांचा. गुडघा आधीच गेला होता, कुणाला सांगितलं नव्हतं एवढंच. संध्याकाळी एकटेच आले. म्हणाले, बदली झाली असेल बिचाऱ्याची. सरकारी माणूस." मग अगदी सहज त्यांनी विचारले, "कुठं झाली होती हो बदली?"

त्या वाक्याची कबुली मी इतकी वर्षे मनात घडवत होतो. ती त्याने केव्हाच निकाली काढली होती. या प्रश्नाची तयारी माझ्याजवळ नव्हती. एखाद्या शहराचे नाव घेतले असते, तर त्याने माझ्यासाठी शोधलेले कारण खरे ठरले असते आणि त्या ते घेऊन घरी गेल्या असत्या.

"कुठंच नाही, वहिनी. मी इथंच होतो. नंतर काला अंबलाही तुम्हाला पाहिलं होतं."

त्यांनी टेबलावरच्या जर्सीची घडी हाताने सारखी केली. ती सारखीच होती.

"चहा घ्या," त्या म्हणाल्या. "निवतोय."

मी चहा घेतला. दुःखाच्या जागेवरून निघताना पाहुण्याने 'येतो' म्हणायचे नसते, आणि घरच्यांनी 'या' म्हणायचे नसते. मी म्हटले नाही. त्यांनीही म्हटले नाही. त्यांनी रीत पाळली की मला उत्तर दिले, हे मला कळलेले नाही, आणि ते विचारण्याचा अधिकार मी एका शनिवारी स्कूटर पुसताना गमावला आहे.