जिता दगड

आमचा संसार शिफ्टमध्येच गेला. हे भिलाईच्या स्टील प्लांटात क्रेन चालवायचे. कधी पहाटेची ड्युटी, कधी दुपारची, कधी नाईट. हे झोपले की मी भांडीसुद्धा हळू ठेवायची, अन् माझा डोळा लागायचा तेव्हा हे डबा घेऊन निघायचे. रिटायर झाल्यावर क्वार्टर सोडून नेहरू नगरात घर केलं, तेव्हा माझ्या लक्षात आलं की आता दिवसभर समोरासमोर बसायचं आहे अन् बोलायला काहीच नाही. "चहा?" "हाव." झालं, संपलं. खरं सांगते, मला त्या घरात गुदमरायला व्हायचं.

मग यांनी समुद्र आणला. रायपूरच्या दुकानातून काचेची मोठी पेटी, निळे दिवे, खास मिठाची पिशवी, दोन केशरी मासे, अन् ओल्या कागदात गुंडाळलेला एक भोकाभोकांचा दगड. भिलाईत समुद्र! मी कपाळावर हात मारला. फरशीवरचे मिठाचे डाग पुसणं तर माझ्याच नशिबी होतं. मी त्या पेटीला लोणच्याची बरणी म्हणायची.

"हा जिता दगड आहे," हे म्हणाले.

"दगड अन् जिता? डोकं ठिकाणावर आहे ना तुमचं?"

"थांब जराशी. पाह्य तं खरं."

काही दिवस काहीच नाही. मग एका दुपारी यांनी मला आतून बोलावलं. पडदे ओढलेले, खोली सगळी निळी, अन् काचेवर राजगिऱ्याच्या दाण्यांना पाय फुटल्यासारखे पांढरे ठिपके पळत होते. आम्ही तर कोणीच आणले नव्हते ते. दगडातून आले होते. मी हातातली परात तशीच धरून उभी राहिले, कितीतरी वेळ.

त्या दिवसापासून आमच्या दुपारी तिथंच गेल्या. हे भिंग धरायचे, मी टॉर्च. बडीशोपेच्या दाण्याएवढी, पाच पायांची एक चांदणी काचेवर चढताना दिसली. दगडाच्या एका भोकातून इवलासा पंखा उघडायचा अन् आमची सावली पडली की झटकन मिटायचा. हे फोनवर फोटो काढून मासे पाळणाऱ्यांच्या ग्रुपवर टाकायचे. कोणी हिंदीत नाव सांगायचं, कोणी इंग्रजीत. कोणी म्हणायचं, काढून टाका, पुढं त्रास होईल. हे काही काढत नव्हते. एकदा ज्याच्यावरून आम्ही तासभर भांडलो, पाय आहेत की मिशा आहेत म्हणून, तो माशांच्या खाण्याचा तुकडा निघाला. असे हसलो आम्ही, डोळ्यांतून पाणी आलं. लग्नाला एवढी वर्षं झाली, पण यांचं हसणं एवढं लांब चालतं हे मला माहीतच नव्हतं.

उन्हाळ्यात यांच्या छातीत दुखलं अन् रायपूरला बायपास करावी लागली. मी दवाखान्यात राहिले. घर बघायला उतईहून यांची मोठी बहीण आली. ताईंचा भावावर भारी जीव. मी त्यांना माशांचं खाणं दाखवून ठेवलं होतं.

दवाखान्यात हे बेडवर पडल्या पडल्या एकच विचारायचे, "दगडावर आता काय काय आलं असंन वं?" डॉक्टर येऊन जायचे, नर्स येऊन जायची, यांचं चित्त त्या काचेत. हे घरी यायच्या आदल्या दिवशी मी झाडझूड करायला पुढं आले. पेटी बघितली. मासे फिरत होते. काच आतून लख्ख पुसलेली, अन् दगड नाही.

"ताई, दगड कुठं आहे?"

"गच्चीवर," ताई म्हणाल्या. "अवं बाई, केवढे किडे झाले होते त्यात! भाऊ आपरेशन करून येईन अन् घरात किडे? उन्हात टाकला दोन दिस. डाळीतले सोंडे नाई जात का, तसे गेले सगळे."

गच्चीवर दगड चादरीवर पडला होता, नीट, चारी बाजूंनी ऊन लागावं असा. पांढरा पडला होता. वास मारत होता. माझ्या तोंडाशी जे आलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. पण मागं वळून बघितलं तर ताई पदरानं घाम पुसत उभ्या, एवढा जड दगड एकटीनं जिना चढवून आणला होता त्यांनी. मी खाली स्वयंपाकघरात जाऊन रडले. ताईंना वाटलं, भावासाठी रडून राहिली. त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. मला भीती एकच होती. हे येतील, त्या रिकाम्या काचेसमोर बसतील, अन् आमचं पुन्हा "चहा", "हाव" सुरू होईल.

हे आले. हळूहळू चालत खुर्चीवर टेकले. ताईंनी सगळं स्वतःच सांगितलं, मोठ्या हौसेनं. हे काचेकडं बघत म्हणाले, "बरं केलंस बाई." ताई खूश होऊन भाजी निवडायला गेल्या.

दुपारी आम्ही दोघंच होतो. मासे इकडून तिकडे जात होते.

"तुले बरंच झालं असंन," हे हळूच म्हणाले. "फरशी पुसायची कटकट गेली."

माझं डोकंच फिरलं. "कटकट? अहो, माझा एक होता त्यात!"

"तुझा?"

"तुमचा डोळा लागला की यायचा. दगडाच्या मागच्या बाजूनं."

हे खुर्चीतच माझ्याकडं वळले. "मले कधी सांगितलं नाई. नाव काय त्याचं?"

"नाही माहीत. शोधलंच नाही."

"कावून?"

"नाव शोधायचं तं फोटो तुमाले द्यावा लागला असता. मले एक माझ्यापुरता पाहिजे होता."

हे हसायला लागले अन् दवाखान्यातून दिलेली छातीवरची उशी दोन्ही हातांनी दाबून धरली. टाके दुखत होते. मग डोळे मिटून मागं टेकले.

"सांग," म्हणाले. "कसा होता? पहिले सांग, पाय होते का मिशा?"

मी खुर्ची जवळ ओढली अन् सांगायला लागले.