ओला पडदा

हे मी घरातही कधी बोललो नाही. दोन हजार सालच्या आसपास मी कागल-कोल्हापूर वडापची, म्हणजे सीटवर पॅसेंजर भरून न्यायची जीप चालवायचो. टेपच्या सीटखालच्या सबवूफरचा, म्हणजे मोठ्या स्पीकरचा, कागदी पडदा फाटला, म्हणून स्टँडमागच्या एका दुरुस्तीवाल्याकडं गेलो. त्याचं नाव कधी विचारलं नाही. फाटल्या जागी त्यानं मलमलीची चिंधी चिकटवली आणि पोराच्या खरचटलेल्या गुडघ्यावर घालावी तशी हळू फुंकर घातली.

"ओलं हाय अजून, पावणं. आजची रात झोपू द्या त्येला."

मी त्याच संध्याकाळी टेप मोठ्यानं लावला. पुढच्या जीपमधली गाणी ऐकून माझी पॅसेंजरं तिकडं चालली होती. चिंधी सुटली.

सकाळी त्याच्याकडं गिऱ्हाइकं उभी होती. त्यांच्यासमोरच मी ओरडलो, "कसलं कच्चं काम करतोस रं!"

त्यानं सुटलेल्या कडेवरून अंगठा फिरवला. माझ्याकडं एकदाच बघितलं.

"माझाच हात हलला आसंल. द्या की हिकडं."

दोन गिऱ्हाइकं आपले टेप उचलून निघून गेली. तो मान खाली घालून पुन्हा तशीच फुंकर घालत राहिला.

त्याचं काम पक्कं होतं, हे त्या गिऱ्हाइकांसमोर सांगणं माझ्याकडं अजून बाकी आहे.