काचेतली काळी वाळू

जोतीरामच्या नव्या घड्याळाची काच फुटली, आणि ती कुणी फोडली हे त्यानं एका रात्रीत ठरवून टाकलं. माणसानं इतक्या झटपट असं काही ठरवू नये. पण जोतीरामचा पिंडच तसा. कोल्हापुरात मंगळवार पेठेतल्या त्याच्या गल्लीत म्हणत, याला राग यायला कारण लागत नाही, कारण तो मागाहून शोधतो. मनानं वाईट नव्हता. शेजारच्याच्या घरी मयत झाली तर पहिला खांदा त्याचा असे. पण डोक्यात एकदा राख घालून घेतली की देव खाली आला तरी ऐकायचा नाही.

घड्याळ मुलीनं दिलेलं. वर्षाराणी पुण्याला कंपनीत होती. दिवाळीला आली तेव्हा तिनं स्वतः बापाच्या मनगटावर पट्टा आवळला. हे चाल मोजतं, झोप मोजतं, छातीचे ठोके मोजतं, असं सगळं समजावून सांगितलं. बाप दवाखान्याची पायरी चढत नाही, निदान हातातलं यंत्र तरी त्याच्यावर लक्ष ठेवील, असा तिचा हिशोब. जोतीरामला ठोक्यांशी कर्तव्य नव्हतं. लेकीनं दिलंय आणि गल्लीत दुसऱ्या कुणाकडं नाही, एवढंच त्याला पुरेसं होतं. वेळ विचारली नसली तरी तो सांगायचा.

तो शिरोलीकडच्या एका फाउंड्रीत कामाला होता. घड्याळ आत न्यायचं नाही हा त्याचा नेम. दारातच काढायचं, रुमालात गुंडाळून डब्याच्या पिशवीत ठेवायचं, सुट्टी झाल्यावर हात धुऊन परत घालायचं. आत काळी वाळू, ठिणग्या, धग. तिथं लेकीची वस्तू कशाला न्यायची?

आणि तरीही एका संध्याकाळी घरी चहा पिताना बायकोनं त्याच्या हाताकडं बघून विचारलं, हे कधी फुटलं? वरच्या कोपऱ्यापासून खालपर्यंत काच तडकली होती. कडेचा धातू खरवडला होता. जोतीरामनं घड्याळ काढून उलटसुलट करून बघितलं. पडलं नाही, आपटलं नाही, कशाला घासलं नाही. त्यानं अंबाबाईची शपथ घेतली. दृष्ट लागली असेल म्हणून बायकोनं मीठमोहऱ्या ओवाळायची तयारी केली, तर तिच्यावरच खेकसला.

राजारामपुरीतल्या दुकानात गेला तेव्हा तिथल्या मुलीनं घड्याळ दिव्याखाली धरलं आणि सरळ सांगितलं की हा आपटल्याचा मार आहे, असलं नुकसान वॉरंटीत बसत नाही. जोतीराम तिच्याशी बराच भांडला. काच आपोआप तडकली, माल खोटा आहे, असं तो म्हणत राहिला. शेवटी तिनं भिंग त्याच्या हातात दिलं आणि बघा म्हणाली. तडकलेल्या भेगेत वाळू होती. काळी, बारीक, जळक्या कोळशाच्या रंगाची. ती वाळू जोतीरामनं अर्धं आयुष्य अंगावरून झटकली होती. ती ओळखायला त्याला भिंग नको होतं.

म्हणजे घड्याळ फाउंड्रीच्या आत गेलं होतं. त्यानं नेलं नव्हतं. मग कुणी नेलं? त्याला त्या दिवसाचं आठवलं. सुट्टी झाल्यावर तो मागच्या बाजूला वाळूच्या ढिगाजवळ तंबाखू मळायला टेकला होता, तिथंच त्याला डुलकी लागली. ईरप्पानं हलवून उठवलं. पिशवी त्याच्या खांद्याला अडकवली, आणि घड्याळ हातात दिलं. ते अजून रुमालात, पिशवीतच असायला हवं होतं, अशी त्याची समजूत. पण ते पिशवीत नव्हतं. ईरप्पाच्या हातात होतं.

ईरप्पा हा त्याचा जोडीदार. सीमेकडच्या गावचा, घरात कानडी, बाहेर मराठी, आणि दोन्हींत कमी बोलणारा. फाउंड्रीत वितळलेलं लोखंड लेडलमध्ये घेतात. लेडल म्हणजे जाड पोलादी बादली, तिला दोन्ही अंगांनी लांब दांडे. एक माणूस पुढं, एक मागं. पाऊल दोघांनी एकदम टाकायचं, साच्यापाशी एकदम थांबायचं, मग मागच्यानं दांडा फिरवून रस ओतायचा. पुढच्याला मागचा दिसत नाही. एकाचं पाऊल चुकलं तर दुसऱ्याचा पाय जातो. म्हणून तिथं जोडीदार बदलत नाहीत. सोयरीक जुळवताना करणार नाहीत एवढी पारख लोक जोडीदाराची करतात. मुरगूडकडचा जोतीराम आणि सीमेकडचा ईरप्पा तरुणपणी एका दांड्याला लागले ते केस पिकले तरी एकत्रच होते.

पण अलीकडं ईरप्पा बदलला होता. पूर्वी शिव्या देऊन हाक मारायचा, आता ‘तुमी’ म्हणायला लागला. आपल्या डब्यातली पहिली भाकरी जोतीरामपुढं ठेवायचा. चुकून पाय लागला तर हात लावून नमस्कार करायचा. आणि काही महिन्यांपूर्वी हट्टानं त्यानं मागची जागा घेतली. तुमी म्होरं व्हा, मी मागं थांबतो, म्हणाला. ओतायचं काम मागच्याचं, त्यातला मान मागच्याचा. तो जोतीरामला सोडावा लागला. तेव्हापासून जोतीरामच्या मनात सल होता. घड्याळातली वाळू बघितल्यावर सगळी कोडी त्याच्यापुरती सुटली. माणूस गोड बोलायला लागला की पोटात काहीतरी असतं, असं तो बायकोला म्हणाला. दुसऱ्याच्या पिशवीतली वस्तू काढून मिरवायची, फोडायची आणि वर भाकरी वाढायची. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्यानं सगळ्यांदेखत घड्याळ फळीवर ठेवलं.

“ही वाळू माझ्या घरची न्हवं, ईरप्पा.”

“म्या घातलं न्हाय घड्याळ,” ईरप्पा म्हणाला.

“मग तुझ्या हातात कसं आलं?”

ईरप्पानं तोंड उघडलं. भोवतीच्या माणसांकडं बघितलं, आणि मिटलं. मग अगदी हळू म्हणाला, “तुमी ते इचारू नका.”

दोघंतिघं हसले. जोतीरामला तेवढंच हवं होतं. “लपून दुसऱ्याची वस्तू घालतो त्याला आमच्यात चोर म्हणत्यात,” तो म्हणाला. ईरप्पानं मान खाली घातली आणि डबा झाकला. खाई त्याला खवखवे, असं मागून कुणीतरी बोललंसुद्धा.

त्याच दिवशी जोतीरामनं सुपरवायझर धैर्यशीलला सांगून टाकलं की मी याच्याबरोबर लेडल धरणार नाही. धैर्यशीलनं समजूत घालून बघितली, मग वैतागून जोडी मोडली. ईरप्पाला वाळू चाळायला लावलं. ते काम नवख्यांचं. जोतीरामला मागची जागा परत मिळाली, आणि पुढं कृष्णात नावाचा नुकतंच लग्न झालेला पोरगा आला. फाउंड्रीत ईरप्पाला आता लोक घड्याळवाला म्हणायला लागले. त्यानं कुणाला उलट उत्तर दिलं नाही. जोतीरामला वाटलं, उत्तर असतं तर दिलं असतं.

पुढच्या रविवारी ईरप्पा त्याच्या दारात आला. धुतलेला सदरा, हातात नारळ. आत आला नाही, उंबऱ्याबाहेरच थांबला. मला परत तुमच्यासंगं घ्या, म्हणाला. चोर म्हणा, काय बी म्हणा, पर मागं मला ठेवा. का, ते मात्र सांगेना. जोतीरामनं कारण तीनदा विचारलं. ईरप्पा नुसता त्याच्या चेहऱ्याकडं बघत होता, त्या बघण्यात भीती होती, आणि ती जोतीरामला चोराची भीती वाटली. त्यानं दार लावून घेतलं. कोल्हापुरात दारात आलेल्या वैऱ्यालाही चहा विचारतात. जोतीरामच्या बायकोनं आधण ठेवलं होतं, ते तिनं गपचूप उतरवलं.

त्या आठवड्यात जोतीरामच्या जिभेला कडेनं जखम होती. ठेच्यानं पोळलं असेल म्हणून त्यानं तूप लावलं.

मग तो दिवस आला. भट्टीतून रस घेतला. कृष्णात पुढं, जोतीराम मागं. साच्यांच्या रांगेकडं निघाले. जोतीरामला एवढंच आठवतं की तोंडात लोखंडाची चव आली. त्यानंतरचं त्याला आठवतं ते म्हणजे तो भिंतीजवळ जमिनीवर पडलाय, कुणीतरी त्याच्या नाकाशी चप्पल धरलीय, आणि पलीकडं माणसं ओरडत पळतायत. मधलं सगळं त्याला दुसऱ्यांकडून कळलं. तो चालता चालता उभा राहिला होता. डोळे उघडे, ओठ काही चघळल्यासारखे हलत होते. कृष्णात आपला पुढं चाललेला. लेडल कलंडायला लागलं. आणि चाळण टाकून ईरप्पा धावत आला. त्यानं जोतीरामला धक्का देऊन बाजूला लोटलं आणि मागचा दांडा उघड्या हातांनी धरला. दांड्याची मूठ धरायला वेळच नव्हता, जिथं हात पडला तिथं, बादलीजवळ, तापल्या लोखंडाला धरलं. कृष्णात बाजूला होईपर्यंत त्यानं तो सोडला नाही. सांडलेला रस त्याच्या डाव्या बुटात शिरला.

ईरप्पाचं पाऊल घोट्यापासून काढलं.

जोतीरामलाही त्याच दवाखान्यात तपासलं. तरुण डॉक्टरीणबाईंनी बायकोला आणि त्याला समोर बसवून विचारलं, याआधी कधी असं झालंय? कधीच नाही, तो म्हणाला. काम करताना मध्येच हरवल्यासारखं? जीभ चावली गेली? अचानक झोप लागून जाग आल्यासारखं? जोतीरामची जीभ कडेच्या जखमेवर फिरली. त्याला वाळूचा ढीग आठवला. बाईंनी सांगितलं की ही फिट आहे. सगळ्यांच्या फिटमध्ये हातपाय झाडत नाहीत, माणूस नुसता विझल्यासारखा होतो, कधी पडतो आणि त्याला काही आठवत नाही. बहुतेकांची गोळीवर थांबते. लवकर कुणी सांगितलं असतं तर आजचं हे झालं नसतं. त्या भट्टीजवळ परत जायचं नाही, हे त्यांनी दोनदा बजावलं. बाहेर आल्यावर कृष्णात भेटला. तो रडत होता. ईरप्पामामांनी मला सांगितलं होतं, म्हणाला. यांचे ओठ हलायला लागले की लेडल तिथंच खाली ठेव, असं म्हणाले होते. मी हसण्यावारी नेलं.

संध्याकाळी जोतीराम ईरप्पाच्या खाटेशी गेला. गोळ्यांची पाकिटं खिशात होती. ईरप्पाचे दोन्ही हात बँडेजमध्ये, पायावरची चादर एका बाजूला सपाट. जोतीराम खाली फरशीवरच बसला, तसा ईरप्पा कासावीस झाला.

“खाली बसू नका की. वर बसा.”

“ईरप्पा, मी त्या दिवशी पडलो हुतो न्हवं? ढिगापाशी?”

ईरप्पानं इकडंतिकडं बघितलं. जवळ कुणी नव्हतं. जोतीरामनं स्वतःच ओळखलंय म्हटल्यावर तो बोलला, आणि जन्मात बोलला नव्हता इतकं बोलला. जोतीराम सुट्टी झाल्यावर घड्याळ घालून मागं गेला, उभ्या उभ्याच त्याची नजर एका जागी खिळली आणि तो साच्याच्या पेटीवर पडला, पट्टा निसटून घड्याळ वाळूत गेलं. ईरप्पानं पट्टा बसवून, पुसून ते परत दिलं. ती पहिली वेळ नव्हती. त्याआधी दोनदा लेडल रिकामं असताना तो तसाच थांबला होता. ईरप्पाच्या आईच्या, शांतव्वाच्या अंगात यल्लम्मा यायची. अंगात येऊन गेलं की त्या माणसाला त्यातलं काही सांगायचं नाही, चारचौघांत तर नाहीच, सांगितलं तर देवी कोपते, असं त्यांच्या घरात होतं. जोतीबाच्या नावाचा माणूस, त्याच्या अंगात जोतीबाच येणार. म्हणून ईरप्पा गप्प राहिला. देवाला सांभाळायला मागं उभा राहिला.

“तुला मी चोर म्हणलो,” जोतीराम म्हणाला. “सगळ्यांदेखत.”

“ते तुमी न्हाय. देव रागात असला की कायबी बोलतो. म्या मनाला लावून घेतलं न्हाय.” मग ईरप्पानं चादरीकडं बघितलं. “त्यानं आपला वाटा घेतला. तुमास्नी आन् त्या पोराला सोडलं. लई झालं. देवच हुता न्हवं?”

जोतीरामचा हात खिशावर गेला. खरं सांगायचं तर एका वाक्याचं काम होतं. देव नव्हता, आजार होता, एक गोळी होती. तू तोंड उघडलं असतंस तर तुझा पाय असता. मी तुझं ऐकलं असतं तर तुझा पाय असता. आयुष्यभर जे मनात आलं ते तोंडावर बोललेला तो माणूस. वाटेल त्याला वाटेल ते बोलून मोकळा झालेला. ईरप्पा त्याच्याकडं बघत होता, आणि त्या बघण्यात त्या रविवारसारखीच भीती होती. ती चोराची नव्हती, देवाची होती, हे जोतीरामला आता कळलं.

“व्हय,” तो म्हणाला. “देवच हुता.”

ईरप्पाचा चेहरा निवला. त्यानं बँडेजचे दोन्ही हात कसेबसे उचलले, कळ येत होती तरी एकमेकांना टेकवले, आणि डोळे मिटून जोतीरामला नमस्कार केला. जोतीरामला ते हात धरून खाली आणायचे होते, पण त्या हातांना धरायला जागाच नव्हती.