हरिबाचा डावा हात

चाळीस वर्षं मी रंगमंचावर राजे केले. जत्रेच्या मांडवात, पेट्रोमॅक्सच्या उजेडात, लाकडी तलवार उपसून गर्जना केल्या. तरीही खरा रुबाब कसा असतो, हे मला उजनी धरणाच्या फुगवट्याकाठी राहणाऱ्या हरिबा धनगराने दाखवलं. जुळे सोलापूरच्या फ्लॅटमध्ये जीव घुसमटला, की मी एसटी धरतो आणि त्याच्या वस्तीवर जाऊन पडतो.

धरणाचं पाणी चढलं आणि हरिबाचं चराऊ रान बुडालं, तेव्हा तो पंचविशीत होता. त्याने मेंढरं विकली आणि एक जुनी होडी घेतली. जुने मासेमार हसायचे, "आता ह्यो पाण्यात मेंढरं राखणार!" हरिबा म्हणायचा, "व्हय, राखणार की." कुठल्या वाऱ्याला मासा कुठल्या अंगाला सरकतो, हे दोन वर्षांत त्याला कळपासारखं कळायला लागलं. आमची कंपनी त्यांच्या जत्रेला गेली, की पडदा ओढायचं काम तो हौसेने मागून घ्यायचा. आमची मैत्री त्या पडद्यामागचीच.

गेल्या पावसाळ्यात त्याला अर्धांगाचा झटका आला. पाय सुधारला, पण उजव्या हाताची बोटं मिटेनात. दिवाळीत कुणाला न सांगता त्याने होडी काढली आणि पाण्यात पडला. मुलाने, बिरुदेवाने, पोहत जाऊन त्याला ओढून आणलं. त्या दिवसापासून बिरुदेवाचा एकच धोशा : होडी मामाला देऊन टाकायची. बरीच वादावादी झाल्यावर बापलेकात करार ठरला. एक सकाळ. हरिबाने स्वतः होडी वल्हवायची, रात्री सोडलेली गळांची दोरी उचलायची, मासा सोडवायचा आणि परत यायचं. जमलं तर होडी राहील. नाही जमलं, तर मामा दुपारी ट्रॅक्टर घेऊन येणारच होता.

मला पोहता येतं, म्हणून सोबतीला मी.

"मास्तर, तू फकस्त बसायचं," हरिबाने बजावलं. "मी पडलो तरच हात लावायचा."

"म्हणजे प्रेक्षक?"

"व्हय. आन् त्ये बी गप बसणारा."

पाणी आरशासारखं स्थिर होतं. हरिबाने लोकरीच्या दोरीचा फास करून उजवं मनगट वल्ह्याला बांधलं होतं. बोटांनी जे जमत नव्हतं ते तो खांद्याने करत होता. होडी सुरुवातीला डावीकडे वळली, मग सरळ झाली. काठावर मोटारीच्या पाइपाजवळ बिरुदेव हाताची घडी घालून उभा होता.

"कसा उबा हाय बग," हरिबा म्हणाला. "जावाय बगायला आल्यावानी."

डबा बांधलेल्या खुणेपाशी त्याने मनगट सोडवलं आणि दोरी उचलायला घेतली. डाव्या हाताने ओढायची, गुडघ्याखाली दाबायची, पुन्हा ओढायची. पहिले चार गळ रिकामे. पाचव्याला बोटाएवढी चिलापी. सातव्याला दोरी थरथरली आणि हाताएवढा शिंगटा वर आला. काळपट पाठ, लांब मिशा, आणि पाठीवर अन् दोन्ही कल्ल्यांमागे ताठ उभे काटे. या माशाला चुकीचा हात लावला, की काटा आरपार जातो.

हरिबाने त्याच्यावर ओलं पोतं टाकलं. गुडघा टेकवला. आणि थांबला.

मला ते थांबणं असह्य झालं. रंगमंचावर समोरचा नट असा थांबला, की तो वाक्य विसरला असं समजायचं आणि आपण पुढे होऊन प्रवेश सांभाळायचा, ही आमच्या कंपनीची शिकवण. मी अर्धं आयुष्य हेच केलं होतं. "थांब, मी धरतो!" असं गरजून मी उठलो आणि पोत्याखाली हात घातला.

काटा तळव्यात घुसला. माझी बोंब पलीकडच्या उसापर्यंत गेली असेल. होडी कलली, पाणी आत आलं, आणि काठावर बिरुदेवाने सदरा काढलेला मला दिसला.

"बस खाली!" हरिबा ओरडला. "आरं मी इसारलो न्हवतो. त्यो दमायची वाट बगत हुतो!"

मी बसलो. या माणसाची होडी आपण घालवली, एवढंच डोक्यात होतं.

हरिबाने काठाकडे हात करून बिरुदेवाला थांबवलं. मग पोत्यावरून बोटं फिरवत, चाचपत, डाव्या अंगठ्याने पाठीच्या काट्यामागची जागा शोधली. उजवं कोपर शेपटीवर रोवलं. गळ दातांनी धरून एका हिसक्यात सोडवला आणि मासा टोपलीत टाकला. माझ्या तळव्याला स्वतःच्या पटक्याचं टोक फाडून बांधलं. उरलेले गळही उचलले. आणखी दोन शिंगटे निघाले. मग मनगट पुन्हा वल्ह्याला बांधून, मला ओझ्यासारखा बसवून, तो काठाला आला.

बिरुदेव गुडघाभर पाण्यात उभा होता. "आबा, होडी कलली. म्या बगितलं."

"कलली की."

"चूक माझी आहे," मी उभा राहिलो. राजाचा आवाज लावायला गेलो, पण साधाच निघाला. "त्याने मला बस म्हटलं होतं. मी ऐकलं नाही. मासा त्याने एकट्याने सोडवला, आणि मलाही त्यानेच आणलं. मी नसतो तर होडी हललीसुद्धा नसती."

बिरुदेवाने टोपलीत पाहिलं. मग बापाचं मनगट हातात घेऊन लोकरीचा फास निरखला, खाली ओढून पाहिला.

"ह्यो फास पाण्यात पडल्यावर सुटंल का?"

"एका वढीत," हरिबा म्हणाला आणि करून दाखवलं.

बिरुदेवाने खिशातून मोबाइल काढला.

"मामा, टॅक्टर नगा आणू. न्हाय, न्हाय, होडी हितंच ऱ्हाणार." त्याने माझ्याकडे तिरकं पाहिलं. "आन् आबा, एकलं जावा. मास्तरला नगा नेऊ."

"मी तर पयल्यापासनं त्येच म्हणत हुतो," हरिबा म्हणाला आणि टोपली डाव्या हाताने उचलून वस्तीकडे चालू लागला.