समोर एक वयस्कर गृहस्थ बिस्कीट खात आहेत

किस्से जमवावे लागतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी एकदा आमच्या ग्रुपमध्ये येऊन बसावं. रस्त्यातला खांब जसा आम्हाला आपणहून येऊन भेटतो, तसेच आमच्याकडे किस्से येतात. बेसावध असताना, आणि थेट कपाळावर!

आम्ही चौघं. चौघांनाही दिसत नाही. मी मोहन, पनवेलच्या एका हॉस्पिटलात टेलिफोन ऑपरेटर. जोशी सर शाळेत इतिहास शिकवायचे, बेचाळिसाव्या वर्षी काचबिंदूने त्यांची नजर गेली. हिराताई उरणकडच्या कोळीवाड्यातल्या, जन्मापासून अंध, बहिणीबरोबर मासळी विकतात. आणि इम्तियाज, आमच्यात सगळ्यात लहान, बेलापूरच्या एका कंपनीत कॉम्प्युटरवर बसतो. दर रविवारी सकाळी आम्ही नवीन पनवेलला जोशी सरांच्या घरी जमतो. कारण सांगायला गप्पा. खरं कारण सरांच्या बायकोचा, नलिनीकाकूंचा चहा.

दोनेक वर्षांपूर्वी इम्तियाजने आमच्या सगळ्यांच्या फोनमध्ये ते एआयवालं ॲप टाकून दिलं. फोन समोर धरायचा, की काय दिसतंय ते तो मराठीत सांगतो. वर प्रश्न विचारा, उत्तरही देतो. तेव्हापासून किस्स्यांचा रतीबच लागलाय.

*

पहिला बळी जोशी सर.

ॲप टाकलं त्याच रविवारची गोष्ट. काकू चहा-बिस्किटं ठेवून स्वयंपाकघरात गेल्या. इम्तियाज म्हणाला, "आता डेमो बघा," आणि त्याने फोन हवेत धरला.

फोन अगदी गोड आवाजात म्हणाला, "समोर टेबलावर चार कप चहा आहे. एक वयस्कर गृहस्थ बिस्कीट खात आहेत."

सरांना डायबेटिस! बिस्कीट बंद होऊन सहा वर्षं झालेली. आणि ही सहा वर्षं ते दर रविवारी आमच्यात बसून बिनधास्त बिस्किटं खात होते. बघणार कोण?

आतून काकूंचा आवाज आला, "इम्तियाज, ताटलीत किती उरलीत विचार रे त्याला."

"ताटलीत तीन बिस्किटं आहेत," फोन म्हणाला.

"बारा ठेवली होती मी!"

सरांनी हातातलं बिस्कीट खाली ठेवलं. मग म्हणाले, "बाकी सगळं ठीक आहे. पण वयस्कर कोणाला म्हणतो हा?"

*

हिराताईंना सुरुवातीला या प्रकरणाचा रागच होता. "माज्या हातापेक्षा त्याला जास्त कललं तर मी काय करू?" असं म्हणायच्या.

तरी भाचीने आग्रह केला म्हणून एकदा पहाटेच्या मासळीच्या खरेदीला फोन घेऊन गेल्या. विक्रेता हलवा दाखवत होता. भाचीने फोन धरला. फोन म्हणाला, "मासा चकचकीत आहे. डोळे स्वच्छ आहेत. ताजा दिसतो आहे."

विक्रेता खूश! "बग हिराबाय, आता तुजा फोन पन माज्या बाजूनं बोलतो!"

हिराताईंनी फक्त एक बोट माशाच्या कल्ल्याखाली घातलं, नाकाशी नेलं आणि म्हणाल्या, "कालचा हाय."

विक्रेत्याने हलवा परत टोपलीत टाकला.

"फोनचं काय चुकला नाय," हिराताई उठता उठता म्हणाल्या. "ताजा दिसतोच हाय. म्हनून तर दिसनाऱ्यांना खपतो!"

पण त्याच महिन्यात त्यांनी नातीच्या शाळेच्या वहीवर फोन धरला. पोरगी लाजरी, लिहिलेलं कोणाला वाचून दाखवायची नाही. फोनने वाचलं: 'माझी आजी मासे हाताने बघते. मी शाळेतून आले की मला पण हातानेच बघते.'

हिराताईंनी ते आम्हाला म्हणून दाखवलं. पाठ झालं होतं त्यांना. पुढच्या रविवारी परत म्हणून दाखवलं. त्याच्या पुढच्या रविवारीही! आम्ही तिन्ही वेळा पहिल्यांदाच ऐकल्यासारखं ऐकलं.

*

इम्तियाज राहतो उलव्याला. तिथे आज असलेला रस्ता उद्या असेलच असं नाही. सगळीकडे खोदकाम. तो एका हातात काठी आणि दुसऱ्या हातात फोन घेऊन चालतो.

एक दिवस फोन म्हणाला, "समोर रस्ता मोकळा आहे." काठी काहीतरी वेगळं सांगत होती. इम्तियाजने फोनचं ऐकलं आणि सरळ छातीएवढ्या खड्ड्यात!

मजूर धावत आले. "लगा तो नहीं भाईसाब? ये गड्ढा सुबह तक था ही नहीं!"

लागलं काही नव्हतं. पण इम्तियाजचं डोकं फिरलेलं. त्याने खड्ड्यातूनच फोन समोर धरला आणि विचारलं, "अब बोल, क्या दिखता है?"

फोन शांतपणे म्हणाला, "समोर मातीची भिंत आहे. कृपया दिशा बदला."

"कसम से मोहनभाई," इम्तियाज सांगत होता, "चाळीस लोक हसत होते आणि त्यात सगळ्यात मोठ्याने मी!"

*

आता माझं. हे हसण्यासारखं सुरू झालं नाही.

आमच्या हॉस्पिटलने गेल्या वर्षी फोन उचलायला एआय आणलं. एकोणीस वर्षं मी उचलत होतो. साहेबांनी बोलावून सांगितलं, "मोहन, नोकरी जाणार नाही, काळजी करू नकोस. मशीनला समजलं नाही तरच कॉल तुझ्याकडे येईल." पहिल्या दिवशी दुपारी बारा ते चार माझ्या टेबलावर सात कॉल आले. आधी तेवढे दहा मिनिटांत यायचे. मी उगाच हेडफोनची वायर गुंडाळत आणि सोडत बसलो. घरी जाऊन जेवलोही नाही.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी बरोबर एक वाजता एक कॉल आला. पनवेलजवळच्या कोन गावचे एक आजोबा. "ती पोरगी सारखी इचारते, अपाइनमेंट पायजे का, रिपोट पायजे का. मना काय नको."

"मग काय हवंय आजोबा?"

"माजी बायको तिकडं तिसऱ्या मजल्यावर हाय. माजा गुडगा चालत नाय, मना येता येत नाय. ती जेवली का, तेवढा सांगा."

मी वॉर्डातल्या सिस्टरला फोन लावला. परत लाइनवर येऊन सांगितलं, "जेवल्या. अर्धी भाकरी आणि थोडी आमटी."

"अर्धीच?" आजोबा म्हणाले. मग थोड्या वेळाने, "बरा. घरी पन अर्धीच खाती. उरलेली मना देती."

दुसऱ्या दिवशी एक वाजता परत तेच. मग रोजच. नंतर नंतर तर ते मशीनला काही बोलूच द्यायचे नाहीत. मी एकदा रेकॉर्डिंग ऐकलं. मशीन म्हणतंय, "नमस्कार, मी आपली काय मदत करू शकते?" आणि आजोबा ओरडतायत, "ए बाय, जेवनवाल्याला दे!"

मशीनला काही कळायचं नाही. म्हणून कॉल माझ्याकडे यायचा.

सोळाव्या दिवशी आजींना डिस्चार्ज मिळाला. त्या दिवशीही एक वाजता फोन आला. या वेळी आजींचा. "जेवनवाले तुमीच ना?" त्यांनी विचारलं. "तुमी जेवलात का?"

*

सुकापूरला माझ्या शेजारी फडके काकू राहतात. एकट्या. मुलगा पुण्याला. गेली अकरा वर्षं रोज सकाळी दहा ते अकरा त्या मला पेपर वाचून दाखवायच्या. मी बारा वाजता ड्युटीला जायचो.

ॲप आल्यावर मला वाटलं, चला, काकूंना किती त्रास द्यायचा! पंचाहत्तरीच्या बाई. मी त्यांना मोठ्या आनंदाने सांगितलं, "काकू, आता फोनच वाचतो. तुम्ही सुटलात!"

"वा वा," काकू म्हणाल्या. "छान झालं हो."

फोन खरंच उत्तम वाचायचा. दमायचा नाही, चष्मा शोधायचा नाही. काकू अग्रलेख वाचताना मध्येच थांबून लेखकाशी भांडायच्या, तसलं काही नाही. पंधरा-वीस दिवस गेले.

एक दिवस दहा वाजता बेल वाजली. काकू. आत आल्या नाहीत, दारातच उभ्या.

"मोहन, तुझा फोन नीट वाचतो ना?"

"एकदम नीट, काकू."

"चुकत नाही ना?"

"नाही हो."

"बरं झालं," त्या म्हणाल्या. मग बांगड्यांचा बारीक आवाज झाला. "मग मी दहा ते अकरा काय करू, ते त्याला विचारून सांग."

मी दार पूर्ण उघडलं. फोन बंद करून कपाटात ठेवला. त्या दिवशीच्या अग्रलेखाशी काकू वीस मिनिटं भांडल्या. दहा मिनिटं मीही!

*

हा शेवटचा मात्र इम्तियाजने आमच्यापासून कित्येक महिने लपवला होता. काकूंनी त्याला शपथ घातली होती. काकू म्हणजे आमच्या चहावाल्या नलिनीकाकू.

सरांची नजर गेली तेव्हा काकू अडतीस वर्षांच्या होत्या. बायकोचा विषय निघाला की सर आजही म्हणतात, "नलूचे केस म्हणजे काळेभोर, पार कमरेपर्यंत!" तेव्हा काकूंची भांडी जरा जोरात वाजतात, एवढंच.

ॲप आल्यापासून सर फोन घेऊन घरभर हिंडायचे. कॅलेंडर बघ, कुंडीतलं रोप बघ, समोरच्या बाल्कनीत काय वाळत घातलंय ते बघ. आणि फोन आपल्या दिशेला वळला की काकू दाराआड!

एका रविवारी इम्तियाज कप ठेवायला आत गेला. काकूंनी नळ मोठा सोडला आणि हळूच विचारलं, "काय रे, अमुक एक गोष्ट सांगू नकोस, असं त्या फोनला सांगून ठेवता येतं का?"

"येतं ना काकू. काय नको सांगायला?"

काकूंनी नळ आणखी मोठा सोडला.

"माझ्या केसांचं," काकू म्हणाल्या.

इम्तियाजने त्याच दिवशी सरांच्या फोनमध्ये तशी सूचना घालून ठेवली.

मग आला काकूंचा साठावा वाढदिवस. आम्ही सगळे हजर. चहा झाला, शिरा झाला, आणि सर एकदम म्हणाले, "नलू, समोर बस. आज मी तुला बघणार आहे."

"अहो, काहीतरीच काय! सगळी बसलीयत."

"बसू देत. त्यांना कुठे दिसतंय?"

खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. फोन बोलायला लागला, "समोर एक स्त्री बसली आहे. तिने मोरपिशी साडी नेसली आहे. कपाळावर लहान टिकली आहे. ती पदराचं टोक बोटाभोवती गुंडाळते आहे."

"हे अजून करतेस?" सर हसले. मग फोन जरा तोंडाजवळ नेऊन विचारलं, "आणि केस? केस कसे आहेत?"

फोन नेहमीच्याच गोड आवाजात म्हणाला, "केसांबद्दल काही सांगू नये, अशी मला सूचना देण्यात आली आहे."

इम्तियाजला ठसका लागला. हिराताईंनी माझा हात घट्ट धरला.

सरांनी फोन बंद करून टेबलावर ठेवला.

"अगं नलू," ते म्हणाले, "घरात मेंदीचा वास येईनासा होऊन तीन वर्षं झाली."