देवधानातली दोन अंडी

लग्न होऊन मी आंधळगावजवळच्या त्या गावी गेले, तेव्हा घरात बाईमाणूस कोणी नव्हतं. सासूबाई दोन वर्षं आधीच गेल्या होत्या. सासरे, माझा नवरा आणि धाकटा दीर, अशा तिघा पुरुषांची चूल मी हाती घेतली. सासऱ्यांना आम्ही मामाजी म्हणायचो. माझं माहेर भंडारा शहरातलं. चिमणी, कावळा आणि कबुतर, एवढेच पक्षी मला नावानिशी ठाऊक होते.

गावाच्या वरच्या अंगाला जुना तलाव होता आणि त्याचं पाणी सोडायचं काम मामाजींकडे होतं. कोणाच्या बांधीला, म्हणजे धानाच्या शेताला, किती वेळ पाणी द्यायचं, हे सगळं त्यांच्या तोंडी असे. पावसाळ्यात तलावाची पाळ, म्हणजे मातीचा बांध, कुठं झिरपते ते बघायला आणि पुढं धानाला पाणी सोडायला ते दिवसभर तलावावरच असत. दुपारचं जेवण तिथं नेऊन द्यावं लागे. ते माझं काम झालं.

मामाजी घरात फारसं बोलत नसत. पहिले आठ-दहा दिवस मी डबा ठेवायची, ते जेवायचे, मी भांडी उचलून परत यायची. एक दिवस जेवता जेवता त्यांनी हाताचा घास तसाच धरून पाण्याकडे मान केली. "ते पाह्य, टिबुकली. आता बुडन, अन् तिसरीकडंच निंगन."

ती बुडाली आणि खरंच तिसरीकडं निघाली. मी हसले. त्या दिवसापासून ते रोज एखादी गोष्ट दाखवायचे. शिंगाड्याच्या पानांवरून चालत जाणारा कमळपक्षी. थव्यानं उतरणाऱ्या अडया, ज्या बदकासारख्या दिसतात पण शीळ घालतात. तलावाच्या उथळ टोकाला आपोआप उगवणारं देवधान, ज्याच्यात पाणकोंबड्या लपतात. मी सातवी शिकलेली. नवऱ्याच्या जुन्या वहीत ही नावं लिहून ठेवायची. घरी शेण, भांडी, धुणं, कांडण सगळं होतंच, पण ती दुपारची अर्धी घटका माझी होती. मामाजी मला सांगतात, नवऱ्याला किंवा दिराला सांगत नाहीत, याचं मला मनातून फार अप्रूप वाटायचं.

आणीबाणी उठली त्या उन्हाळ्यात दिराचं लग्न झालं. धाकटी जाऊ पवनीकडची, तिचं माहेरचं घरच तिकडच्या एका तलावाच्या पाळीला लागून. शाळेत ती गेली नव्हती. तेव्हा माझी मुलगी पोटात होती, सातवा महिना सरत आला होता, म्हणून मीच म्हटलं, आता डबा तू ने. मीच म्हटलं, हे मला पुढं खूप वेळा आठवलं.

पहिल्याच दिवशी ती उशिरा परतली. रात्री जेवताना मामाजींनी दिराला सांगितलं, तुझ्या बायकोला माहीत आहे की कमळपक्ष्याची मादी अंडी घालून निघून जाते आणि नर त्यावर बसतो. इतकी वर्षं तलावावर घालवून हे मला ठाऊक नव्हतं, असं म्हणून ते हसले. मामाजींना मोठ्यानं हसताना मी त्या घरात पहिल्यांदा ऐकलं. मी भात वाढत होते. माझ्याजवळ ते कधी असे हसले नव्हते, कारण मी त्यांना कधी काही सांगितलंच नव्हतं. मी फक्त ऐकून घेतलं होतं.

बाळंतपण झालं, मुलगी रांगायला लागली, तरी डबा धाकटीच नेत राहिली. कोणी मुद्दाम काही केलं नव्हतं. लेकरू अंगावर पीत होतं, ऊन होतं, मी घरी राहणं सगळ्यांनाच सोयीचं होतं. त्यामुळं तक्रार करायला जागा नव्हती आणि त्यानंच मी जास्त जळायची. अडईसारखी शीळ तिला हुबेहूब घालता यायची. अंगणात ती कपडे वाळत घालताना शीळ घातली की माझी मुलगी माझ्या मांडीवरून तिकडे बघायची.

मी बारीकसारीक कुरापती केल्या. डब्याची वेळ झाली की धाकटीला विहिरीवर पाठवायची. भाकरी उशिरा टाकायची. एकदा मामाजी तीन वाजेपर्यंत उपाशी राहिले. संध्याकाळी आले, हातपाय धुतले, काही बोलले नाहीत. धाकटीही बोलली नाही. ती दोघं गप्प राहिली की मला वाटायचं, तिकडे पाळीवर बसून माझ्याबद्दलच बोलत असतील.

तिच्या लग्नानंतरच्या दुसऱ्या पावसाळ्यात, रोवणा, म्हणजे धानाची लावणी, आटोपल्यावर, सारसाची जोडी तलावावर आली. माणसाएवढे उंच, राखाडी अंगाचे आणि लाल मानेचे ते पक्षी. सकाळी दोघं माना वर करून ओरडले की घरात ऐकू यायचं. राखीच्या आधीची गोष्ट असेल. मी चुलीपाशी होते आणि मागच्या दारात मामाजी धाकटीशी हळू आवाजात बोलत होते. देवधानात सारसानं गवताचा ढीग रचून घरटं केलं आहे आणि त्यात दोन अंडी आहेत. ते तिनं शोधलं होतं.

"घरात कोणाले सांगू नोको," मामाजी म्हणाले. "गोष्ट फुटली का मानसं येतीन."

कोणाला म्हणजे घरात उरलेलं कोण होतं? नवरा आणि दीर दिवसभर बांधीत. कोणाला म्हणजे मलाच. भाकर तव्यावर करपली, तरी मी ती उचलली नाही.

दुसऱ्या दिवशी विहिरीवर शेजारीण भेटली. ती सारसांच्या ओरडण्याबद्दल बोलत होती, कुठं राहतात कोण जाणे म्हणाली. मला ठाऊक आहे, एवढंच दाखवायचं होतं. मी म्हटलं, देवधानात घरटं आहे, दोन अंडी आहेत, आमच्या घरच्यांनी पाहिलं. त्या क्षणी मला फार बरं वाटलं. शेजारणीनं घागर खाली ठेवून माझ्याकडे बघितलं, तेही मला आवडलं.

चार दिवसांत गावातली पोरंसोरं, मग मोठी माणसंही तिकडे जाऊ लागली. कोणी कमरेएवढ्या पाण्यात उतरून बघून यायचं. सारस घरट्यावरून उठून दूर उभे राहायचे आणि ओरडायचे. एका दुपारी कोणीतरी अंडं उचललं आणि ते हातातून घरट्याच्या काठावर पडून फुटलं. मामाजी संध्याकाळी घरी आले ते धाकटीसमोर जाऊन उभे राहिले. तिच्याशिवाय कोणालाच ठाऊक नव्हतं, असं त्यांचं म्हणणं. ते ओरडले नाहीत. "मी तुले सांगतलं होतं," इतकंच म्हणाले आणि आत जाऊन निजले, जेवले नाहीत.

धाकटी तशीच उभी राहिली. "मी नाही सांगतलं" असंही ती म्हणाली नाही. दुसऱ्या सकाळी मामाजी मला म्हणाले, आजपासून डबा तू आणत जा.

मला जे हवं होतं ते मिळालं. मुलीला कडेवर घेऊन मी पाळीवर जायची. मामाजी पाठ करून जेवायचे. टिबुकली बुडायची, निघायची, ते बघायचेही नाहीत. दूर देवधानात एक सारस बसलेला असे आणि दुसरा त्याच्याजवळ उभा. गावच्या पाटलानं दम दिल्यावर माणसं जायची थांबली होती. उरलेल्या एका अंड्यावर ती आळीपाळीनं बसत होती.

घरी धाकटी पहिल्यासारखीच सगळी कामं करायची. पाचव्या दिवशी आम्ही दोघी तांदूळ निवडत बसलो होतो. तिनं सुपातून मान वर केली नाही.

"बाई, शेजारणीनं मले सांगतलं, विहिरीवर तिले कोणी सांगतलं ते."

मी खडे वेचत राहिले.

"मी मामाजीले नाही सांगणार," ती म्हणाली. "पण तुम्ही काहून सांगतलं, ते मले समजलं नाही."

तिला खरंच समजलं नव्हतं. तिनं माझ्याकडून काही घेतलं आहे, हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. त्याचाही मला राग आला. वर्षभर मी जळत होते आणि जिच्यावर जळत होते तिला पत्ताच नव्हता.

आणखी तीन दिवस गेले. चौथ्या दिवशी डबा ठेवल्यावर मी परत वळले नाही. मामाजींच्या पाठीकडे बघून सगळं सांगितलं. विहिरीवर मी बोलले, धाकटीचा दोष नाही. भाकरी मुद्दाम उशिरा टाकल्या तेही सांगितलं. त्यांचा घास थांबला. त्यांनी पाण्याकडे पाहिलं.

"तुले पाहाचं होतं, त मले म्हणाचं होतं," ते म्हणाले. "मी नेलं नसतं का?"

त्या संध्याकाळी ते घरी आले आणि धाकटीला म्हणाले, माझं चुकलं पोरी. सासऱ्यानं सुनेला असं म्हणायची आमच्याकडे पद्धत नव्हती. ती घाबरून त्यांच्या पाया पडली. मला ते कधी रागावून बोलले नाहीत. पण दुसऱ्या दिवसापासून सकाळीच भाकरी फडक्यात बांधून न्यायला लागले. पुढं डबा घेऊन पाळीवर ना ती गेली, ना मी.

उरलेल्या अंड्यातून पिल्लू निघालं. ते धाकटीनंच पाहिलं. गवत आणायला गेली होती, तशीच धावत घरी आली आणि मला हाताला धरून तलावाच्या उथळ टोकाला घेऊन गेली. दोन उंच पक्ष्यांच्या पायांत एक बदामी रंगाचं पिल्लू लटपटत चाललं होतं. ती मला बोट दाखवून सांगत होती, आई कोणती, बाप कोणता. ते तिला कसं कळलं, हे मी विचारलं नाही. मला रडू आलं आणि तिला वाटलं, आनंदानं आलं.

पाच-सहा वर्षांनी वाटण्या झाल्या. मामाजींनी स्वतःच केल्या. रस्त्याकडच्या बांध्या आम्हाला, तलावाकडच्या धाकट्यांना. रस्त्याकडच्या जमिनीला मोल जास्त होतं, सगळा गाव म्हणाला, मोठ्याला झुकतं माप दिलं. नवरा खूश होता. मी सात-आठ दिवस कोणाशी धड बोलले नाही.

तोवर तलावात गाळ भरला होता, देवधानाच्या जागेत लोकांनी धान लावलं होतं, सारस कधी यायचे, कधी नाही. मामाजी वारल्यानंतरच्या पावसाळ्यात ते धाकटीच्या बांधीत उतरले. तिनं स्वतःच्या लेकीला पाठवलं, बाईले बलाव म्हणून. मी म्हटलं, मले काम आहे. दुसऱ्या दिवशी पोरगी पुन्हा आली. तिसऱ्या दिवशी मी गेले.

धाकटीनं बांधावर माझ्यासाठी पोतं अंथरलं होतं. ती स्वतः चिखलात बसली. सारस आमच्यापासून शंभर पावलांवर धानात चरत होते, आणि ती मला सांगत होती, परवा पहाटे ते कसे आले, आधी कोणता उतरला. मी ऐकत होते आणि मनात म्हणत होते, तेव्हा मी का नव्हते इथं.