सोबत विचार करणाऱ्या बाई

बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला, की आम्ही ओळखायचो, आता सुटका नाही. समोरचा माणूस तासभर बोललेला असायचा. कामाच्या अडचणी, सरकारी कागद, कोणी कसा ऐनवेळी हात वर केला, सगळं सांगून झालेलं असायचं. बाई पदराच्या टोकानं डोळे पुसायच्या आणि शांतपणे म्हणायच्या, "हं. आता खरं सांग."

तुम्ही कधी एखादी लहानशी संस्था चालवली असेल, तर हे तीन शब्द कुठे टोचतात ते तुम्हाला ठाऊक असेल. आपण जगाला जे सांगतो ते सांगता सांगता आपल्यालाही तेच खरं वाटू लागतं. त्याच्याखाली काय आहे ते विचारणारं कोणी नसतं. अमरावती आणि अकोला जिल्ह्यांतल्या आम्हा सात-आठ जणांना ते विचारणारं माणूस मिळालं होतं.

बाई अमरावतीच्या एका समाजकार्य महाविद्यालयात शिकवून निवृत्त झाल्या होत्या. लग्न केलं नव्हतं. राजापेठेत भाड्याच्या दोन खोल्या, त्यातली एक आमच्यासाठीच. पुण्याच्या एका कार्यशाळेत त्यांच्या गळ्यात 'थॉट पार्टनर' असा बिल्ला अडकवला होता. तो त्यांनी मला दाखवला.

"म्हणजे काय वं हे?"

"विचारातला भागीदार, बाई."

"अवं माय! हे घालून तुह्या जिनिंगमध्ये आली तं मालकाले वाटीन, हिस्सा मांगाले आली."

जिनिंग म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढण्याचा कारखाना. धामणगाव रेल्वेला अशाच एका जिनिंगच्या बाजूला दोन खोल्यांत मी पाळणाघर चालवत असे. कापूस उपसायला, ढीग लावायला येणाऱ्या बाया कामावर जाताना लेकरं आमच्याकडे ठेवून जायच्या. मी बाईंकडे पहिल्यांदा गेले तेव्हा माझ्या पिशवीत चाळीस पानांची इंग्रजी योजना होती. बाहेरच्या एका जाणकाराकडून मोठ्या हौसेनं करून घेतलेली. बाईंनी ती उघडलीसुद्धा नाही. हातावर तोलून पाहिली.

"हे कोन्या गावचं आहे?"

मी योजना परत पिशवीत घातली.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं त्या धामणगावला हजर. दिवसभर खाली सतरंजीवर बसल्या, झोळ्या हलवल्या, एका पोराचं नाक पुसलं. संध्याकाळी लेकरं न्यायला आलेल्या प्रत्येक आईला त्यांनी एकच 'का' विचारला, "इथं कावून ठेवतं व लेकरू?" बहुतेक जणी लाजून हसल्या. एक मात्र अंगावरचा कापूस झटकत म्हणाली, "इथं लेकरू रडलं तं कोनीतरी उचलते."

बाई माझ्याकडे वळल्या. "हे लिव. बाकीचं राहू दे."

पुढची अकरा वर्षं आमच्या संस्थेची तीच योजना होती. कुठलाही नवा उपक्रम सुचला, की मी स्वतःला विचारायची, यानं रडणारं लेकरू लवकर उचललं जाईल का? निम्मे उपक्रम तिथंच गळायचे.

महिन्यातून एकदा आम्ही सगळे बसायचो. कधी अमरावतीला, कधी अकोल्याला बाईंच्या बहिणीच्या घरी. बाळापूरला कर्णबधिर मुलांची शाळा चालवणारे एक भाऊ होते, त्यांना बोलायला लागले की थांबता येत नसे. एकदा त्यांनी पाऊण तास घेतला. बाईंचे डोळे मिटलेले.

"बाई, झोपल्या का?" भाऊंनी घाबरून विचारलं.

"नाही भाऊ. तुमी कधी थांबता, ते आयकून राहिली."

खूप हसलो आम्ही त्या दिवशी. भाऊ सगळ्यांत जास्त हसले. त्या बैठकांत कोणाचा प्रश्न सुटायचाच असं नाही, पण आपण एकटे नाही एवढं घेऊन मी गाडीत बसायची. तेवढ्यावर महिना निघायचा.

मग एकेक बंद पडायला लागलं. नियम बदलले, मदत करणाऱ्यांच्या आवडी बदलल्या. आधी अंजनगाव सुर्जीचं महिलांचं केंद्र गेलं, मग अकोल्याचं वाचनालय. मदत मागायला बाई आमच्यासोबत मुंबईला एका मोठ्या कंपनीच्या कचेरीतही आल्या. काचेच्या खोलीत तरुण, सभ्य माणसं होती. त्यांनी मला विचारलं, "तुमचं काम किती मोठं करता येईल?"

माझ्याआधी बाईच बोलल्या. "झोळी मोठी केली तं लेकरू पडते."

ती माणसं मनापासून हसली. एकीनं ते वाक्य वहीत लिहूनही घेतलं. पुढे त्यांच्याकडून नकाराचं पत्र आलं, तेही अगदी सभ्य.

बाळापूरची शाळा बंद करायचं ठरलं तेव्हा भाऊ मुलांची यादी घेऊन बाईंकडे आले. बाई म्हणाल्या, "शाळा बंद करू, लेकरं बंद नाही करू शकत." बावीस मुलं होती. त्या उन्हाळ्यात बाई आणि भाऊ घरोघर फिरले. वीस मुलांची दुसरीकडे सोय झाली. दोन बहिणी राहिल्या. जवळची शाळा म्हणजे वसतिगृह, आणि बाप मुलींना बाहेर ठेवायला तयार नव्हता. बाई चार वेळा गेल्या. चौथ्या वेळी दारच उघडलं नाही. खिडकीत धाकटी उभी होती. ती हातांनी भराभरा काहीतरी सांगत होती.

"काय म्हनून राहिली?" बाईंनी विचारलं.

भाऊंना ती खुणांची भाषा येत होती. पण त्यांनी सांगितलं नाही. मान खाली घालून ते मोटारसायकलकडे चालू लागले. हे भाऊंनीच मला नंतर सांगितलं. ती काय म्हणत होती ते मलाही सांगितलं नाही.

माझी पाळी पुढच्या वर्षी आली. आम्हाला मदत करणाऱ्यांनी कळवलं, की पाळणाघर काढून तिथं शिवणकामाचं प्रशिक्षण सुरू करा. लेकरं सांभाळण्यात परिणाम दिसत नाही, म्हणे. आमच्या बाया दिवसभर जिनिंगमध्ये, त्या शिकायला येणार कधी? मी राजापेठेत गेले आणि सगळं सांगितलं. बाईंनी चष्मा काढला नाही.

"मले माहीत नाही वं."

"बाई, तुम्ही काहीतरी विचारा ना मला."

"काय विचारू? इतके वर्षं मी तुमाले सांगितलं, का नीट विचार केला तं रस्ता सापडते. तुमी नीटच विचार केला. सगळ्याईनं केला. पन ज्याईच्या हाती होतं, ते आपल्यासंग कधी बसलेच नाहीत." मग हलकेच म्हणाल्या, "मी तुमाले फसवलं व्हय का?"

मी नाही म्हणाले. त्यांचा हात धरला. हात थंड होता, आणि त्यांनी तो सोडवून घेतला नाही. त्या दिवशी आम्ही चहासुद्धा केला नाही.

मार्चमध्ये हंगाम संपला, पैसे थांबले आणि मी पाळणाघर बंद केलं. बाईंनीही राजापेठेतल्या खोल्या सोडल्या आणि अकोल्याला बहिणीकडे राहायला गेल्या. मी दोनदा फोन केला. दोन्ही वेळा त्यांनी माझ्या दुखऱ्या गुडघ्याची चौकशी केली, कामाची नाही. तिसऱ्यांदा करायचा राहून गेला. दिवाळीनंतर भाऊंचा फोन आला. बाई जाऊन तीन दिवस झाले होते.

आम्ही दोघं अकोल्याला गेलो. बहीण म्हणाली, शेवटी शेवटी ओसरीत नुसती बसून असायची. "मी विचारू, काय विचार करतं वं एवढा? तं म्हने, काहीच नाही करून राहिली. बरं वाटते." भाऊ, ज्यांना थांबता येत नसे, ते त्या घरात एक शब्दही बोलले नाहीत.

परतताना धामणगावला उतरले तेव्हा जिनिंग सुटली होती. फाटकातून बाया बाहेर पडत होत्या. एक तरुण बाई माझ्यासमोर थांबली. तिच्या कडेवर वर्षभराचं लेकरू होतं. दिवसभर ते कापसाच्या ढिगाजवळच असणार, पापण्यांवर पांढरे तंतू चिकटले होते आणि ते सारखं खोकत होतं.

"मॅडम, यंदा कधी उघडता?"

मी म्हणाले, "पाहू."

तिला तेवढ्यानं बरं वाटलं. तिनं पदरानं लेकराचं तोंड पुसलं आणि बाकीच्या बायांना गाठायला ती झपाझप पुढे गेली.